एकोणीस वर्षांच्या मुलाला मैत्री जमत नाही : हा स्वभाव समजावा की आजार?

वारणाकाठ

नमस्कार.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. दहावीपर्यंतचे त्याचे शिक्षण आमच्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात झाले. अभ्यासात तो चांगला आहे, त्याला कसले व्यसन नाही, तो उलट उत्तर देत नाही, त्यामुळे त्याची काळजी करावी असे आम्हा दोघांना आजवर कधी वाटलेच नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा तो बराच वाळलेला दिसला म्हणून मी खोदून खोदून विचारले. रात्रीची मेस बंद व्हायला दहा मिनिटे उरली की तो जेवायला जातो आणि उरलेल्या गार पोळ्या व तळाची आमटी खाऊन परत येतो, असे तेव्हा कळले. असे का करतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, "भरलेल्या मेसमध्ये ताट घेऊन कोणाच्या टेबलावर बसायचे तेच मला ठरवता येत नाही, आणि तसे उभे राहिले की सगळे बघतात."

मागच्या सत्रात एका विषयाच्या तोंडी परीक्षेला तो गेलाच नव्हता, हेही त्याच दिवशी समजले. लेखी परीक्षेत त्याच विषयात त्याला वर्गातल्या पहिल्या पाच-सहा जणांइतके गुण आहेत. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर काही विचारायचे असले, तर तो चार वेळा लिहितो, चार वेळा पुसतो आणि शेवटी विचारतच नाही. तो लहान असताना पाहुणे आले की मागच्या खोलीत जाऊन बसायचा. आम्ही हसून "लाजाळू आहे हो तो" असे म्हणत असू, आणि कोणी त्याला काही विचारले तर उत्तर मीच देत असे. आठवीपर्यंत त्याला एक जिवलग मित्र होता. त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली, ते कुटुंब गाव सोडून गेले आणि त्यानंतर त्याच्या तोंडून मी दुसऱ्या कोणाचे नाव ऐकल्याचे मला आठवत नाही.

आमच्या घरातल्यांचे म्हणणे असे की नोकरी लागली, लग्न झाले की हे सगळे आपोआप सुटते. मला तशी खात्री वाटत नाही. त्याला भीती वाटते म्हणून मित्र होत नाहीत, की मित्र नाहीत म्हणून ही भीती वाढली आहे, या एका प्रश्नाशी मी सारखी अडखळते. त्यात आता, पुढच्या वर्षी आमच्या जवळच्या महाविद्यालयात प्रवेश बदलून घ्यावा आणि घरून जा-ये करावी, असा त्याने धोशा लावला आहे. त्याचे ऐकावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शमी

वारणाकाठताई, मी किशोरवयीन आणि महाविद्यालयीन मुलांच्या समुपदेशनाचे काम करते. न भेटलेल्या मुलाचे निदान करता येत नाही आणि करूही नये. त्यामुळे पुढचे सगळे आपल्याला विचार करायला उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने लिहिते आहे.

आपल्या भाषेत अशा मुलांसाठी शब्द पुष्कळ आहेत : लाजाळू, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, एकलकोंडा, आणि रागावलो की माणूसघाणा. हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण त्यांच्यामागची मुले फार निराळी असतात. एकलकोंड्या मुलाला एकटेपण आवडते. तो पुस्तक घेऊन बसेल आणि समाधानाने उठेल. बुजरा मुलगा पहिली दहा मिनिटे अंग चोरतो आणि मग रुळतो. आपल्या मुलाचे वर्णन या दोन्हींत मला बसत नाही. ज्याला एकटे जेवायलाच आवडते तो त्यासाठी गरम पोळीवर पाणी सोडत नाही. त्याला माणसे हवी आहेत, पण त्यांच्या नजरेची धास्ती वाटते, आणि ही ओढाताण अशी आहे की दोन्ही बाजूंनी तोच दमतो.

या भीतीला निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत. आज तिला सामाजिक चिंताविकार म्हणतात. ही अवस्था साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली असावी आणि तिच्यामुळे शिक्षण, काम किंवा नातेसंबंध यांत खरोखरच अडथळा येत असावा, या निदानाच्या कसोट्यांपैकी दोन आहेत. केवळ पोटात गोळा येतो म्हणून कोणी आजारी ठरत नाही. व्यासपीठावर जाताना तो बहुतेकांच्या पोटात येतो. पण येत असलेल्या विषयाची तोंडी परीक्षा सोडून देणे आणि रोजचे जेवण त्या भीतीच्या सोयीने ठरवणे हा अडथळाच आहे. म्हणून "स्वभावच तसा आहे" असे म्हणून हे सोडून देऊ नये, एवढे मी नक्की म्हणेन.

हा विकार बहुतांश लोकांत आठ ते पंधरा या वयात सुरू होतो, आणि त्या वयाचाही यात वाटा आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली "काल्पनिक प्रेक्षक" ही कल्पना मांडली. किशोरवयात दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करण्याची शक्ती नव्यानेच आलेली असते, आणि स्वतःच्या रूपापलीकडे, आवाजापलीकडे दुसऱ्याला काही विषयच नसावा असे मुलांना वाटत राहते. बहुतेकांचा हा प्रेक्षकवर्ग हळूहळू पांगतो. तो पांगण्याचे मोठे कारण म्हणजे मित्र. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारताना समोरचा कधीतरी सांगतो की त्या दिवशी वर्गात माझीही बोबडी वळली होती, आणि आपल्याकडे बघायला याला सवडच नव्हती हे लक्षात येते. ज्याला असा मित्र नाही, त्याच्या मनातले प्रेक्षागृह विशी आली तरी भरलेलेच राहते.

आठवीतल्या मित्राचा आपण एका वाक्यात उल्लेख केला आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने किशोरावस्थेच्या उंबरठ्यावरच्या एका जिवलग मैत्रीला फार मोठे स्थान दिले होते. त्याचे म्हणणे असे की आईवडिलांचे प्रेम मुलाला न मागता मिळते, पण हा मित्र त्याला स्वतः निवडतो, आणि त्यामुळे आपण निवडण्याजोगे आहोत ही जाणीव त्याला पहिल्यांदा होते. आपल्या मुलाला हे मिळाले होते, आणि नेमक्या त्याच वयात ते गेले. ज्याला मित्र करता येतच नाही अशातला तो नाही, हे त्यालाही कोणीतरी सांगायला हवे.

आता आपला मुख्य प्रश्न, आधी काय. ॲनेट ला ग्रेका आणि नादजा लोपेझ यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या किशोरवयीनांत सामाजिक चिंता अधिक त्यांना समवयस्कांकडून मिळणारा स्वीकार आणि आधार कमी जाणवतो, आणि मुलींमध्ये हा संबंध अधिक ठळक आहे, असे दिसले. मात्र एकाच वेळी घेतलेल्या अशा माहितीवरून कोणते आधी आणि कोणते नंतर हे ठरत नाही. माझ्या अनुभवात ते ठरवण्याची गरजही पडत नाही, कारण दोन्ही एकमेकांना पोसतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली या भीतीची जी रचना दाखवली, ती आपल्या मुलाच्या मेसवर लावून पाहा. ताट घेऊन उभा राहिला की त्याचे लक्ष समोरच्या माणसांवरून निघून स्वतःवर येते : हात थरथरतो आहे का, चेहरा कसा दिसतो आहे. मग सुटकेसाठी तो मोबाइलमध्ये डोके घालतो किंवा कोपरा गाठतो. बघणाऱ्याला वाटते की याला कोणाशी बोलायचे नाही, म्हणून कोणी बोलायला येत नाही, आणि खोलीवर परतल्यावर तोच प्रसंग मनात दहा वेळा उगाळून तो निष्कर्ष काढतो की मी कोणालाच आवडत नाही. बचावासाठी केलेली युक्तीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो घालून फिरण्याची लाजच वाटावी, असा तो शर्ट. तो घालून त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. शर्टवर कोण आहे हे खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या लक्षात आले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे चौथाई लोकांच्याच लक्षात आले होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

घरी परतण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, पण तेवढ्यासाठी त्याला पाण्यात ढकलूही नये. भीतीची जागा टाळली की त्या क्षणी जो सुटकेचा निःश्वास टाकला जातो, तोच भीतीला बळ देतो. मात्र त्याला एकदम गर्दीच्या वेळी जेवायला पाठवण्याऐवजी मेस उघडताना, टेबले रिकामी असताना जायला सांगावे. मग बसायची जागा त्याने शोधायची नसते, ती इतरांनी त्याच्याजवळ शोधायची असते. प्रयोगशाळेत त्याच्या गटात जे तीन-चार जण असतील त्यांच्यापैकी एकाच्या सोबतीने आठवड्यातून दोनदा जेवला, तरी सुरुवात झाली. विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती या विकारात चांगली उपयोगी पडते, आणि तिच्यात असेच लहान टप्पे पद्धतशीरपणे आखलेले असतात. त्याच्या महाविद्यालयात समुपदेशक असेल तर तिथून सुरुवात करता येईल. नसेल तर टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे. वजन उतरले आहे असे आपण लिहिता, म्हणून झोप आणि उदासपणा यांचीही चौकशी करावी. ही भीती वर्षानुवर्षे तशीच राहिली तर पुढे नैराश्य येण्याचा धोका वाढतो, आणि तसे वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात उशीर करू नये.

खडूफळा

मी सत्तावीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालो. शमी यांचे विवेचन मला पटले, पण एका ठिकाणी अडलो. प्रेक्षक काल्पनिक असतात असे आपण या मुलांना फार चटकन सांगतो. त्यांच्याच प्रयोगात चौथाई लोकांनी तो शर्ट ओळखला होता, आणि चौथाई म्हणजे शून्य नव्हे.

साठ मुलांच्या वर्गात गावाकडून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला मुलगा "डिटरमिनंट" हा शब्द वेगळ्या ठिकाणी आघात देऊन उच्चारतो तेव्हा मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज खरोखरच येतो. मी तो ऐकला आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही त्याकडे दुर्लक्ष केले आहे, हे कबूल करतो. त्याच्या बोलण्यातला हेल, त्याचे आडनाव, त्याच्या चपला या सगळ्यांवर शेरे मारले जातात. अशा मुलाला "तुझ्याकडे कोणी बघत नाही" असे सांगितले, तर त्याला दोन गोष्टी कळतात : आपण भित्रे आहोत ही एक, आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही ही दुसरी. म्हणून ताईंनी आधी हे विचारावे की कोणी हसले आहे का, काय म्हणाले, कोण होते. चिडवणे सतत चालू असेल, तर तो महाविद्यालयाने थांबवण्याचा विषय आहे. त्यावर मुलाच्या मनाला औषध देऊन भागणार नाही.

तोंडी परीक्षेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बरेच परीक्षक उत्तर मराठीत दिले तरी चालवून घेतात, पण मुले विचारत नाहीत आणि परीक्षक आपण होऊन सांगत नाहीत. त्याने परीक्षेच्या आधी विषयाच्या शिक्षकांना एकट्याने भेटून एवढेच विचारावे, की मला संज्ञा इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत देता येईल का. हा प्रश्न मला माझ्या साऱ्या नोकरीत मोजक्या मुलांनी विचारला, आणि मी एकालाही नाही म्हणालो नाही. शिवाय एका शिक्षकाशी एकदा बोलणे हा त्या टप्प्यांपैकीच एक टप्पा ठरेल.

टिपरू

मी आज सत्तावीस वर्षांचा आहे आणि या मुलाच्या जागी मी नऊ वर्षांपूर्वी होतो, फक्त माझे गाव मराठवाड्यात होते आणि मी मेसऐवजी डबा लावून खोलीवर जेवत असे. त्यामुळे माझी लबाडी घरी कोणाला कळलीच नाही.

मला सगळ्यांनी दिलेला सल्ला एकच होता : लोकांत मिसळ. हे पोहता न येणाऱ्याला "पाण्यात राहा" असे सांगण्यासारखे होते. मिसळायचे म्हणजे नेमके काय करायचे, पहिले वाक्य कोणते, ते संपल्यावर दुसरे कोणते, हे कोणी सांगत नाही. कारण ज्यांना जमते त्यांना ते कधी ठरवावे लागलेले नसते. माझी सुटका झाली ती बोलण्यातून नाही, ढोलातून. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात खोलीतला एक जण मला एका ढोल-ताशा पथकाच्या सरावाला घेऊन गेला. मी गेलो याचे खरे कारण हे की तिथे इतका आवाज असतो की कोणाला काही विचारता येत नाही.

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी सराव चाले. ढोल ताणायला दोघे लागतात. एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने धरायची. पान सैल पडले की शेजारचा खुणेने सांगतो, आणि हात चुकला तर सगळेच थांबतात आणि पुन्हा सुरुवात करतात. पहिल्या आठवड्यात मी चुकलो तेव्हा आता हे मला हाकलणार या भीतीने रात्रभर झोपलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी कळले की माझ्याबरोबर आणखी सात जण चुकले होते. महिनाभरात माझे एकूण बोलणे "ओढ", "सोड", "पाणी आहे का" एवढेच असेल, पण त्या सगळ्यांना माझे नाव माहीत झाले होते. मैत्री आधी झाली आणि गप्पा नंतर आल्या. म्हणून ताई, त्याला गप्पांच्या घोळक्यात पाठवू नका, काहीतरी काम चाललेले असेल तिथे पाठवा. गिर्यारोहण असो, नाटकाचे नेपथ्य असो की रोबोटिक्सचा गट. हात गुंतलेले असले की तोंडावरचा ताण निम्मा होतो.

ढोलाने सगळे झाले असे मात्र नाही. मुलींशी, आणि विशेषतः एका मुलीशी, मी शेवटच्या वर्षापर्यंत एक वाक्यही धड बोलू शकलो नव्हतो. त्यासाठी मी समुपदेशकाकडे गेलो. ते विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने, म्हणजे भीतीमागचे अविवेकी विचार तपासून ते बदलण्याच्या पद्धतीने काम करत. कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली ही पद्धत मूळची अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचे असे ठरवले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे १३० जणींपैकी ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आलीच नाही. तरीही भीती गेली, कारण नकार मिळाल्यावर काहीच कोसळले नव्हते. (हा प्रयोग आज कोणी जसाच्या तसा करू नये. बाकावर शांत बसलेल्या बाईलाही तिथे शांत बसायचे असते.) मला दिलेला गृहपाठ याहून पुष्कळ सौम्य होता : दुकानात जाऊन एखादी वस्तू बघायची आणि न घेता "नको" म्हणून बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी मी नको असलेली छत्री विकत घेऊन परत आलो.

त्या मुलीशी मी शेवटी बोललो. तिचे दुसरीकडे जमले होते. तो आठवडा वाईट गेला, पण ते दुःख होते, भीती नव्हती, आणि या दोहोंतला फरक मला तेव्हा कळला.

शमी

खडूफळा सर, आपला आक्षेप रास्त आहे. प्रयोगाचा उपयोग भीती खोटी ठरवण्यासाठी नसून तिचे माप तपासण्यासाठी असतो, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. जिथे खरोखर टवाळी होते तिथे आधी ती थांबवावी, मग बाकीचे.

ताईंसाठी एक गोष्ट राहिली. "उत्तर मीच देत असे" हे आपले वाक्य मी पुन्हा वाचले. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. घाबरलेल्या मुलाच्या आधी बोलून टाकणे ही कोणत्याही आईची स्वाभाविक कृती आहे. पण येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेली एक उपचारपद्धती पूर्णपणे पालकांबरोबरच चालते, मुलाला यावेही लागत नाही. मुलाच्या भीतीसाठी घराने करून ठेवलेल्या सोयी एकेक करून कमी करायच्या, आणि त्याच वेळी "तुला हे अवघड जाते हे मला दिसते, आणि तुला ते जमेल असा माझा विश्वास आहे" असे त्याला स्पष्ट सांगायचे, असा तिचा गाभा आहे. दोन्ही भाग एकत्रच हवेत. नुसत्या सोयी काढून घेतल्या तर ती शिक्षा वाटते.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी त्याच्याशी बोलायचे होते आणि ते मला वाटले होते तितके सोपे गेले नाही.

खडूफळा सरांनी सांगितले तसे विचारले. पहिल्या वर्षी एका सादरीकरणात त्याच्या उच्चाराची एका मुलाने नक्कल केली होती, आणि पुढे कितीतरी दिवस तो शब्दच त्याचे टोपणनाव झाला होता. आता कोणी तसे म्हणत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते बहुधा विसरले असतील. तो विसरलेला नाही. हे त्याने मला फोनवर सांगितले, समोरासमोर नाही, आणि मध्ये दोनदा फोन ठेवला.

मेस उघडताना जाण्याची कल्पना त्याला पटली. साडेसातला जातो. पहिले काही दिवस एकटाच जेवला, मग त्याच्याच मजल्यावरचा एक मुलगा, ज्याला लवकर जेवून क्लासला जायचे असते, शेजारी बसू लागला. त्या मुलाचे नाव मी विचारले तेव्हा त्याला ते माहीत नव्हते. आठ दिवस एकत्र जेवून नाव माहीत नाही याचे मला हसू आले, पण टिपरू यांचे लिहिणे आठवले आणि गप्प बसले. ढोलाचा विषय काढला तेव्हा मात्र त्याने ठाम नकार दिला. त्याला आवाज सहन होत नाही. रोबोटिक्सच्या गटाबद्दल "बघू" म्हणाला आहे.

महाविद्यालयातल्या समुपदेशकांची वेळ मी घेणार होते. फोन हातात घेतला आणि शमीताईंचे वाक्य आठवून खाली ठेवला. क्रमांक त्याला पाठवला आहे. त्याला चार दिवस झाले. त्याने तो पाहिला आहे एवढे निळ्या खुणांवरून दिसते. महाविद्यालय बदलण्याचा अर्ज त्याने दिवाळीतच भरून आणला होता, तो कपाटात तसाच आहे, आणि त्याबद्दल सध्या तोही काही विचारत नाही आणि मीही विचारलेले नाही.